आमचे भावोजी आणि लिफ्टमधला बोकड

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, दोन कामं करतात: लिफ्ट दुरुस्त करतात आणि बोलतात. यातलं पोटापाण्याचं काम कुठलं आणि हौसेचं कुठलं, हे त्यांना स्वतःलाही अजून ठरवता आलेलं नाही. सकाळी दात घासतानाही ते बोलत असतात. ताई म्हणते, तिला आता फेसातलं बोलणंही नीट कळतं. आईने त्यांचं नाव 'रेडिओ' ठेवलं ते लग्न ठरायच्याही आधी. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा राग येणं राहिलं बाजूला, ते इतके खूश झाले की जेवण थंड होईपर्यंत त्याच नावावर बोलत बसले.

ताईची आणि त्यांची गाठ पडली ती एका बंद दारातून. ताई तेव्हा एका मोठ्या दुकानात पडद्यांच्या विभागात होती. एका दुपारी पडद्यांचा गठ्ठा घेऊन लिफ्टमध्ये शिरली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे रुसून बसली. ताई घाबरून रडायच्या बेतात होती, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "आत कोण आहे? नाव नको, गाव नको, नुसता आवाज द्या!" ताईने कसाबसा "मी" म्हटलं. "वा!" आवाज म्हणाला. "मग ऐका. एकदा एक बोकड एका मोठ्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरला. आत साहेब उभेच होते. साहेबांनी वर न बघताच विचारलं, कितवा मजला? तेव्हा तो बोकड..." आणि तिथे हिसका बसला, लिफ्ट मजल्याला लागली, दार उघडलं.

दुसरी कुणी असती तर जीव घेऊन पळाली असती. आमची ताई गठ्ठा पोटाशी धरून आतच उभी. "थांबा," ती म्हणाली. "बोकड काय म्हणाला?"

"ते उद्या सांगतो," भावोजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते न बिघडलेली लिफ्ट तपासायला आले, तिसऱ्या दिवशीही आले, आणि पुढे लग्नच झालं. बोकड काय म्हणाला ते ताईला अजून कळलेलं नाही. विचारलं की "उद्या" म्हणतात. हा उद्या काही केल्या उजाडत नाही.

ही बडबड निव्वळ हौस नाही, हेही सांगायला हवं. त्यांच्या धंद्यात एक नियम आहे. तो नियम भावोजी लग्नकार्यात, बसच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे मिळेल तिथे लोकांना ऐकवतात. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस ओरडत असेल, दारावर लाथा मारत असेल, तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असेल, तर तो ठणठणीत आहे. त्याच्यासाठी घाई करून दार मोडू नका. पण तो गप्प झाला, तर हातातलं असेल ते टाका आणि पळा. म्हणून आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं, आणि तो बोलता राहावा म्हणून आपण बोलायचं.

हा नियम आमच्या घरात इतका मुरला की आम्ही तो कशालाही लावायला लागलो. कुकर शिट्ट्या देतोय ना, मग देऊ दे. शिट्टी थांबली की ताई स्वयंपाकघरात पळायची. शेजारची पोरं भांडतायत ना, मग सगळं क्षेम आहे. मी स्वतः चष्म्याच्या दुकानात काम करते, तिथेही मला तीच सवय लागली. कुरकुर करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी मुळीच घाबरत नाही. गप्प बसून आरशात बघणाऱ्याला घाबरते.

आता आईकडे वळते. आई आणि मी चौथ्या मजल्यावर राहतो, ताई-भावोजी त्याच इमारतीत तळमजल्यावर. गावभर लिफ्ट चालू करत फिरणाऱ्या माणसाच्या सासूच्या वाट्याला मात्र जिना! कारण इमारतीच्या मालकाला लिफ्टचे नवे भाग बसवायचं काही सुचत नव्हतं. लिफ्ट वर्षानुवर्षं बंद, आणि आईचे गुडघे त्याहून जुने. खाली उतरायचं म्हणजे अर्धा दिवस तयारी आणि दोन दिवस शेक. हळूहळू आईने उतरणंच सोडलं. तिचं सगळं जग गॅलरीतून. रस्त्यावरच्या माणसांना ती टकलावरून ओळखायची.

अखेर मालक विरघळला, आणि काम भावोजींकडे आलं. त्यांचा एक जुना जोडीदार आहे, चार शब्दांवर दिवस काढणारा माणूस. दोघांनी मिळून नवा दोर ओढला, मोटर बसवली, दारं बदलली. आता फक्त सरकारी तपासनीस येऊन सगळं बघून गेला की लिफ्ट सुरू. भावोजींनी आईला शब्द दिला, "आई, पहिली फेरी तुमची!"

"त्या फेरीत तुम्ही बोलणार असाल तर मी आपली जिन्यानेच जाते," आई म्हणाली. पण त्याच संध्याकाळी तिने कपाटातून बाहेर जायची पर्स काढली, पुसली आणि खुर्चीवर नजरेसमोर ठेवली. ती पर्स मी कितीतरी दिवसांनी पाहिली. मला एकदम भरून आलं आणि मी उगाच तिच्यावर खेकसले.

आणि नेमकं तपासनीस यायचा होता त्याच आठवड्यात भावोजींचं पोट दुखायला लागलं.

दुखायला लागलं हे आम्हाला लगेच कळलं, कारण त्यांनी त्याचं धावतं वर्णनच सुरू केलं. "बेसमेंटमध्ये, डावा कोपरा," बेंबीच्या खाली डावीकडे बोट दाखवत ते म्हणाले. "कुणीतरी पाना घेऊन बसलंय आणि नट आवळतंय. आवळतंय, आवळतंय, सोडायचं नाव नाही!"

ताई म्हणाली, गॅस. आमच्या घरात पहिल्या दिवशी सगळं गॅसच असतं. आई म्हणाली, "कलिंगड बियांसकट खाता, दुसरं काय होणार! त्या बिया आत जाऊन बसल्यात." मी म्हटलं, "इतकं बोलता, तोंडावाटे हवा गेली असेल आत." भावोजींना माझं निदान फार आवडलं. त्यांनी ते जोडीदाराला सांगितलं, वाण्याला सांगितलं आणि खालच्या टपालवाल्यालाही सांगितलं.

पण दुखणं दुसऱ्या दिवशीही गेलं नाही. तिसऱ्या दिवशी अंगात कणकण आली. "मशीनच्या खोलीत काय उकडतं!" भावोजी म्हणाले. ताटातलं अन्न तसंच राहिलं. "आनंदाने पोट भरलंय," भावोजी म्हणाले. पोट साफ होत नव्हतं, तर म्हणाले, "तीही लिफ्ट मधेच अडकलीय, दुरुस्ती चालू आहे, रहिवाशांनी सहकार्य करावं." आम्ही हसून हसून बेजार झालो. काय करणार, माणूस हसवतच होता!

ताई हसायची थांबली ती त्यांच्या पोटाला हात लावल्यावर. तिने डाव्या बाजूला दाबलं तेव्हा ते नुसते कण्हले, पण हात उचलला तेव्हा खुर्चीतून उडाले. "अगं, दाबतेस ते परवडलं, सोडतेस ते नको!"

"डॉक्टरकडे चला," ताई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"मी बोलतोय ना?"

"बोलताय."

"मग?"

या 'मग'ला आमच्या घरात उत्तरच नव्हतं. तोच नियम. बोलतोय म्हणजे ठणठणीत. लिफ्टवाल्यांच्या घराबाहेर कुणालाही हा युक्तिवाद सांगितला असता तर त्याने आम्हाला वेड्यात काढलं असतं. आम्हाला मात्र तो अगदी बिनतोड वाटला.

खरं कारण मी कपबशा पुसताना ऐकलं. भावोजी आवाज खाली आणून ताईला सांगत होते, आणि त्यांचा आवाज खाली येणं हीच मोठी घटना. "डॉक्टरने आडवं करून ठेवलं तर? हा तपासनीस गेला की परत कधी येईल कोण जाणे. आईंना अजून किती दिवस गॅलरीत उभं करू? शब्द दिलाय मी."

"बरं, उद्या तपासणी होऊ दे," ताई म्हणाली. "पण ती झाली की तिथून सरळ डॉक्टर. हातपाय धुवायलाही घरात यायचं नाही."

"उद्या नक्की."

मला त्या उद्याचा अजून राग येतो. या माणसाच्या आयुष्यात महत्त्वाचं तेवढं सगळं उद्या!

तपासनीस आला. उंच, शिडशिडीत, आणि प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर: "हं." भावोजींनी त्याला दोराची हकिकत सांगितली. "हं." मोटरची तब्येत सांगितली. "हं." बियांचा, हवेचा आणि अर्ध्या बोकडाचा किस्सा सांगितला. "हं." भावोजींच्या उभ्या आयुष्यात असा श्रोता आला नव्हता. ते घामाघूम झाले. आम्हाला वाटलं, त्या 'हं'मुळेच.

शेवटची परीक्षा अशी होती: वीज बंद करायची, लिफ्ट मुद्दाम दोन मजल्यांच्या मधे थांबवायची, आणि वर गच्चीवरच्या खोलीतलं चाक हाताने फिरवून ती मजल्याला आणून दाखवायची. आत एक माणूस हवा. हे चाक भावोजी जन्मात कधी दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "मी आत बसतो. चाक तू घे." जोडीदाराने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. पण तो बोलणारा माणूस नव्हे.

केबिन तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे थांबली. जोडीदार आणि तपासनीस वर गेले. चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी आई स्टुलावर बसली होती, बाहेर जायचे कपडे घालून, मांडीवर पर्स. शेजारी ताई आणि मी. दाराआडून भावोजींचं चालू होतं. तपासनिसाचा 'हं' किती प्रकारे म्हणता येतो हे ते आम्हाला करून दाखवत होते. आई ओठ आवळून हसू दाबत होती. वर तपासनीस एकेक स्क्रू बघत असावा, कारण केबिन काही हलेना.

मग दाराआडचा आवाज बंद झाला.

"हुश्श!" आई म्हणाली. "केवढी शांतता!"

मीसुद्धा हसले. आणि मग आईच्या चेहऱ्यावरचं हसू मी उतरताना पाहिलं. तिने कान दाराला लावला. "जावईबापू?" उत्तर नाही. "अहो जावईबापू!" उत्तर नाही. ताई पुढे झाली आणि दारावर हात आपटून ओरडली, "अहो, बोकड काय म्हणाला?"

एवढ्या वर्षांत या प्रश्नाला उत्तर मिळालं नव्हतं, पण "उद्या" हा शब्द कधी चुकला नव्हता. त्या दिवशी तोही आला नाही.

"रेडिओ बंद पडलाय!" आई अशी ओरडली की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. "आतला माणूस गप्प झालाय! पळ गं, वर सांग, पळ!"

मी जिने चढले की उडाले, मला माहीत नाही. खोलीत तपासनीस मोटरवर विजेरी धरून उभा होता. "आतला माणूस गप्प झाला," एवढंच मी म्हटलं. जोडीदाराच्या हातातला पाना खाली पडला, आणि त्याने चाकाला हात घातला. तपासनीस म्हणाला, "अजून ब्रेकची..." जोडीदाराने त्याच्याकडे न बघताच म्हटलं, "साहेब, धरा इकडून." त्याचे दिवसाचे शब्द बहुधा तेवढ्यातच संपले. साहेबाने विजेरी खाली ठेवली आणि चाक धरलं.

मी खाली पळत आले तर आमची आई, हो, तीच जी बडबडीला वैतागून कानात कापूस घालायची, ती दाराच्या फटीला तोंड लावून भसाड्या आवाजात बोकडाची गोष्ट सांगत होती! "तर काय झालं माहितीय का, तो काळा बोकड लिफ्टमध्ये शिरला, आणि साहेब म्हणाले कितवा मजला, तर बोकड म्हणाला, मला जायचंय वर... आणि त्याने साहेबांचा पडदा खाल्ला... बोल ना रे बाळा, बोल काहीतरी, पडदा खाल्ला, पुढे काय?" जावयाला तिने आजवर 'अहो' सोडून हाक मारली नव्हती. आता अरे-तुरे चाललं होतं आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

आतून अगदी बारीक आवाज आला, "काळा... नव्हता."

"कोणत्या रंगाचा होता मग?" आई ओरडली.

"पांढरा... आणि पडदा कुठून आला लिफ्टमध्ये..."

"मग काय खाल्लं त्याने?"

"टाय."

एवढ्यात केबिन इंच-इंच वर आली आणि दार उघडलं. भावोजी हत्यारांच्या पेटीवर पोट धरून वाकले होते. चेहरा पांढराफटक, अंग भट्टीसारखं तापलेलं, आणि पोटाची डावी बाजू फळीसारखी कडक. हात लावू देईनात. ओकारीही होऊन गेली होती. ताईने तिथल्या तिथे ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

खाली न्यायचं कसं? वीज अजून बंद. जोडीदाराने घरातून खुर्ची आणली, त्यात भावोजींना बसवलं, एका बाजूने त्याने धरली आणि दुसऱ्या बाजूने, कुणी न सांगता, तपासनिसाने. "बोलत राहा त्याच्याशी!" आईने वरून हुकूम सोडला. आता जोडीदार मुळातच मुखदुर्बळ, आणि तपासनिसाकडे बोलायला काय असणार! तो बिचारा जिना उतरता उतरता नियमच म्हणायला लागला. "दार पूर्ण लागल्याशिवाय लिफ्ट चालता कामा नये. केबिनमध्ये दिवा असलाच पाहिजे. माणसांची संख्या ठळक अक्षरांत..." आणि खुर्चीतून क्षीण आवाजात भावोजी म्हणत होते, "हं... हं..." ताई एकीकडे रडत होती आणि एकीकडे तिला हसू आवरत नव्हतं. माझीही तीच गत.

ॲम्ब्युलन्सचं दार लावायच्या वेळी मागून हात आला. आईचा. तिच्या हातात पर्स होती. चार मजले ती जिन्याने कधी आणि कशी उतरली, हे आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. तिलाही आठवत नाही.

हॉस्पिटलमध्ये पोटाचा स्कॅन काढल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हाला तिघींना एका ओळीत उभं केलं. दुखण्याचं नाव डायव्हर्टिक्युलायटिस. आईने ते म्हणायचा दोनदा प्रयत्न केला आणि मग "तेच ते" यावर समाधान मानलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं ते साधं होतं. वय वाढलं की पुष्कळ लोकांच्या मोठ्या आतड्याला जागोजागी बारीक पिशव्या येतात. त्या गप्प बसल्या तर माणसाला पत्ताही लागत नाही. पण एखादी सुजली, पिकली की दुखतं, बहुतेक वेळा डावीकडे खाली. भावोजींची एक पिशवी सुजून तिला बारीक भोक पडलं होतं आणि बाजूला पू साठला होता. तो नळीने काढणार, शिरेतून औषधं देणार. "अजून उशीर झाला असता, तर ते सगळं पोटभर पसरलं असतं," त्या म्हणाल्या. "मग मोठं ऑपरेशन, आणि तेव्हाही मी काही खात्री दिली नसती."

"बियांमुळे ना?" आईने आशेने विचारलं.

"बियांचा काही संबंध नाही." आईचा चेहरा पडला.

"दुखणं कधीपासून होतं?" त्यांनी विचारलं. ताईने सांगितलं. "ताप? जेवण? पोट साफ होणं?" ताईने तेही सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "एवढं सगळं दिसत होतं, मग आला का नाहीत?"

आम्ही तिघी एका सुरात म्हणालो, "ते बोलत होते!"

बाईंनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्हालाही कुठेतरी भरती करावं लागणार. मग ताईने लिफ्टचा नियम सांगितला. त्या शांतपणे ऐकत राहिल्या, थोडं हसल्याही, आणि मग एकदम कडक झाल्या. "तो नियम लिफ्टला ठेवा. पोटाला माझा नियम. पोटात एका जागी सारखं दुखतंय, जात नाही, वर ताप आहे, किंवा शौचाचं गणित बिघडलंय, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. आणि दुखणं अचानक वाढून पोटभर पसरलं, पोट कडक झालं, ओकाऱ्या थांबेनात, शौचातून रक्त गेलं, तर दवाखाना उघडायचीही वाट बघायची नाही, सरळ इकडे. मग माणूस बोलो, गावो, नाहीतर नाचो."

भावोजी पडद्याआड सलाईन लावून पडले होते. तिकडून आवाज आला, "म्हणजे थोडक्यात ओव्हरलोड?"

आई खुर्चीत बसली आणि पर्समध्ये तोंड घालून रडली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तपासनीस संत्री घेऊन आला. पलंगाशी उभा राहिला. "हं," म्हणाला. भावोजीही "हं" म्हणाले. लिफ्ट पास झाली होती. निघताना तो दारात घुटमळला, कान लाल झाले, आणि त्याने विचारलं, "तो बोकड... कितव्या मजल्यावर गेला?" भावोजी म्हणाले, "उद्या सांगतो." बिचारा दुसऱ्या दिवशी खरंच आला!

भावोजी घरी आले. आधी पातळ, मग मऊ, मग हळूहळू भाज्या, फळं, कोंड्याची भाकरी असं त्यांचं खाणं चढत गेलं. सूज पुरती उतरल्यावर काही आठवड्यांनी आतड्याची दुर्बिणीने तपासणीही झाली, तीही भावोजींनी सगळ्या गल्लीला सांगितली. आई तोवर तळमजल्यावर ताईकडेच राहिली. इमारतीतले सगळे लिफ्टने वर-खाली करत होते, पोरं तर उगाचच. आई बघत बसायची. "मी वर जाईन ती जावईबापूंबरोबरच," म्हणायची. "शब्द त्यांनी दिलाय."

तो दिवस उजाडला. आई पर्स घेऊन केबिनमध्ये शिरली, मागून भावोजी, ताई, मी. भावोजींनी चार नंबरचं बटण दाबलं. लिफ्ट निघाली, काय सुरेख निघाली! आई दोन्ही हातांनी कठडा धरून वरचे आकडे बघत होती. डोळे लकाकत होते. भावोजींचं अर्थातच सुरू झालं. दोर कसा ओढला, मोटर कशी गुणगुणते, दार कसं लोण्यासारखं सरकतं. तिसरा मजला गेला. आणि त्याच दमात, त्याच थाटात ते म्हणाले, "आणि गंमत म्हणजे, आई, बेसमेंटमध्ये डाव्या कोपऱ्यात सकाळपासून तो पानावाला परत आलाय बरं का. एकाच जागी, सोडत नाही. पण मी बोलतोय ना, म्हणजे..."

चौथा मजला आला. दार उघडलं. समोर आमचं घर. आईने घराच्या दाराकडे एकदा पाहिलं, बोट उचललं आणि तळमजल्याचं बटण दाबलं.

"अहो आई, तुमची पहिली फेरी!"

"बोलतोयस म्हणून काय झालं?" आई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता डॉक्टर."

सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल: तसं काही निघालं नाही. थोडी कळ होती, ती औषधाने गेली. "आलात ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाले, आणि आईने आमच्या दोघींकडे अशा तोऱ्याने पाहिलं की जणू निदान तिनेच केलं. पण हे सगळं नंतर. त्याआधी आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो, आणि भावोजींनी, कशामुळे कोण जाणे, पहिल्यांदाच बोकडाची गोष्ट न विचारता सांगायला घेतली होती. अख्खा बाक कान टवकारून ऐकत होता. ताई सरकत सरकत बाकाच्या कडेवर आली होती. साहेबांनी विचारलं कितवा मजला, बोकडाने टाय चावत साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाला...

आतून भावोजींचा नंबर पुकारला गेला.

"एक मिनिट," भावोजी म्हणाले, "एवढं संपवतो."

आईने त्यांच्या पाठीत पर्स हाणली. "आधी आत जा. बोकड थांबेल."

भावोजी मुकाट्याने उठून आत गेले.